कोकण किनाऱ्यावरच्या सोप्या हिवाळी वाटा: आधी तिथी बघा, मग डोंगर ठरवा

सह्याद्रीतले मोठे गड झेपतील की नाही अशी शंका आहे, घरात आई-बाबा आहेत किंवा सात-आठ वर्षांची पोरं आहेत, रोज ऑफिसात बसून पाय आखडलेत, आणि तरी या थंडीत कुठेतरी पायी फिरायचंय, अशांसाठी हे लिहितोय. अलिबागपासून रेडीपर्यंत आपल्या किनाऱ्यावर अर्ध्या दिवसात होणाऱ्या इतक्या सुंदर वाटा आहेत आणि लोक बीचवर गाडी लावून, भेळ खाऊन, सूर्यास्ताचा फोटो काढून परत येतात, याचं मला खरंच वाईट वाटतं. इथे चढ म्हणजे बहुतेक ठिकाणी वीस-पंचवीस मिनिटांचा, कारण किनाऱ्यावरचे किल्ले खाडीच्या तोंडावरच्या छोट्या टेकड्यांवर बांधलेत. वर पोचलं की एका बाजूला खाडी, दुसऱ्या बाजूला समुद्र, खाली माडाची आगरं, आणि एवढं बघायला दम फार लागत नाही.

पण एक गोष्ट आधीच डोक्यात पक्की करा. डोंगरात आपण उंची आणि अंतर विचारतो, किनाऱ्यावर पहिला प्रश्न पाण्याचा असतो. भरती कधी, ओहोटी कधी, हे कळलं की अर्धं प्लॅनिंग झालं, आणि ते न बघता निघालात तर सोपी वाटसुद्धा धोक्याची होते. म्हणून इतर लेखांसारखी बुटांपासून सुरुवात न करता पंचांगापासून करू.

पायरी १: महिना ठरवा

नोव्हेंबरचा शेवट ते फेब्रुवारीचा मध्य, एवढाच खरा सीझन. ऑक्टोबरात गवत कमरेएवढं असतं आणि ऊन भाजून काढतं, फेब्रुवारी संपत आला की घामानेच माणूस थकतो. आणि कोकणातली थंडी म्हणजे स्वेटरची थंडी नाही हे नवख्यांना सांगावं लागतं, पहाटे गारवा छान असतो, धुकं असतं, पानांवरून दव ठिबकतं, पण दुपारी बारा वाजता पारा तिशी गाठतो आणि काळ्या कातळावर तर जास्तच चटका बसतो. त्यामुळे चालायचं ते सकाळी सात ते अकरा किंवा दुपारी साडेतीननंतर. डिसेंबरात सूर्य सहा-सव्वासहाच्या दरम्यान बुडतो आणि मग अंधार पटकन पडतो, तर संध्याकाळच्या चालीला बॅटरी जवळ हवीच.

नाताळ ते ३१ डिसेंबर हा आठवडा शक्यतो टाळा. रूम मिळत नाहीत, रस्ते भरलेले, किनाऱ्यावर गाड्या. त्यापेक्षा जानेवारीचे मधले दिवस घ्या, आंब्याला मोहोर आलेला असतो आणि बागेच्या कडेने जाताना त्याचा वास येत राहतो, त्या वासासाठी तरी जानेवारी निवडा असं मी म्हणेन.

पायरी २: तिथी बघा, हे सगळ्यात महत्त्वाचं

दिवसातून दोनदा भरती आणि दोनदा ओहोटी, भरतीपासून ओहोटीपर्यंत साधारण सहा तास आणि थोडी मिनिटं. आजची भरती ज्या वेळी आली त्याच्यापेक्षा उद्याची साधारण पाऊण तासाने उशिरा येते. यावरून आपल्याकडे जुना हिशोब आहे जो किनाऱ्यावरच्या म्हाताऱ्या माणसांना तोंडपाठ असतो, तिथीची पाऊणपट काढायची की भरतीची वेळ मिळते. म्हणजे चतुर्थी असेल तर चारची पाऊणपट तीन, तर दुपारी तीनला आणि पहाटे तीनला भरती, आणि सकाळी नऊ-रात्री नऊच्या आसपास ओहोटी. अष्टमीला भरती सहाला आणि ओहोटी बाराला. पौर्णिमा-अमावस्येला भरती सव्वाअकरा-बाराच्या सुमारास आणि ओहोटी सकाळी-संध्याकाळी सहाला. शुक्ल पक्ष असो की कृष्ण, हिशोब तोच, पौर्णिमेनंतर परत एकपासून मोजायचं. घरातल्या कॅलेंडरवर तिथी असतेच, त्यामुळे सोफ्यावर बसून महिन्याचा प्लॅन करता येतो. हा अंदाज आहे, मिनिटाचा हिशोब नाही, आणि दक्षिणेला मालवण-वेंगुर्ल्याकडे भरती मुंबईपेक्षा थोडी आधी येते, म्हणून निघायच्या आदल्या दिवशी मोबाईलवर जवळच्या बंदराचं भरती-ओहोटीचं वेळापत्रक बघून घ्याच.

आता दुसरा भाग. पौर्णिमा-अमावस्येच्या आसपासची भरती म्हणजे उधाण, पाणी खूप वर येतं पण तसंच खूप आतही जातं. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती, पाणी फार वरही येत नाही आणि फार ओसरतही नाही. म्हणजे अष्टमीला दुपारी बाराला ओहोटी आहे म्हणून खुश होऊन गेलात तरी ज्या खडकांवरून चालायचं ते नीट उघडे पडलेलेच नसतात. उलट पौर्णिमेला पाणी भरपूर आत जातं पण ओहोटी सकाळी सहाची, म्हणजे अंधारात.

या सगळ्याचा अर्थ असा की नवख्यांसाठी सगळ्यात सोयीचे दिवस म्हणजे दोन्ही पक्षांतली द्वितीया ते पंचमी. ओहोटी सकाळी साडेसात ते पावणेदहाच्या दरम्यान येते, पाणी बऱ्यापैकी आत गेलेलं असतं, ऊन कोवळं असतं. शनिवार-रविवार या चार तिथींत पडतोय असे वीकेंड शोधा, रूम त्याच तारखांना बुक करा. मी ओळखीच्यांना नेहमी हेच सांगतो की सुट्टी बघून समुद्रावर जाऊ नका, समुद्र बघून सुट्टी टाका.

आणि एक गोष्ट लक्षात ठेवा, पाणी सहा तास एकसारख्या वेगाने चढत नाही. पहिल्या तासात जेमतेम कळतं, दुसऱ्यात थोडं, आणि तिसऱ्या-चौथ्या तासात मिळून जवळजवळ निम्मं पाणी भरतं. लोक फसतात ते इथे, तासभर बघतात की पाणी काही हलत नाही आणि बिनधास्त पुढे जातात. म्हणून खडकाच्या वाटेवर नियम एकच, ओहोटीच्या वेळेच्या तास-दीड तास आधी सुरुवात करायची आणि ओहोटी लागून पाणी फिरलं की परतीला लागायचं. उत्तरेकडे मुंबई-अलिबाग भागात उधाणाच्या दिवसांत भरती-ओहोटीतला फरक चार मीटरच्या वर जातो, मालवणकडे तो साधारण निम्मा असतो, त्यामुळे रायगड जिल्ह्यात जास्त काटेकोर राहा.

पायरी ३: पाय आणि पिशवी

ट्रेकिंगचे महागडे बूट लागत नाहीत. कातळावर पकड घेणारे साधे स्पोर्ट्स शूज आणि वाळूसाठी मागे पट्टा असलेले सँडल, बास. पुळणीवर, म्हणजे किनाऱ्याच्या वाळूवर, अनवाणी चालायला मजा येते पण खडक सुरू झाले की लगेच पायात काहीतरी घाला, खडकाला चिकटलेली कालवं ब्लेडसारखी कापतात आणि खाऱ्या पाण्यात ती जखम दोन-तीन दिवस ठणकते. हिरव्या शेवाळावर पाय टाकायचाच नाही, त्याच्यापेक्षा कोरडा खडक शोधून लांबून या.

वाळूत चालताना ओली, दाबून बसलेली वाळू पकडा, ती रस्त्यासारखी असते, कोरड्या भुसभुशीत वाळूत वेग अर्धा होतो आणि पोटऱ्या भरून येतात. ओहोटीला चालण्याचा हा पण फायदा, चालायला कडक वाळू भरपूर मिळते.

माणशी दोन लिटर पाणी, टोपी, पूर्ण बाह्यांचा शर्ट, ओआरएसची पुडी, क्रेप बँडेज, फोनसाठी प्लॅस्टिकची बंद होणारी पिशवी आणि ऑफलाईन मॅप, कारण टेकडीच्या मागे गेलं की रेंज जाते. गवतातून जायचं असेल तर जाड, गुळगुळीत कापडाची फुल पँट घाला, डिसेंबरात कुसळं मोज्यात घुसतात आणि मग पुढचा सगळा वेळ ती काढण्यात जातो.

सापाबद्दल स्पष्ट सांगतो कारण लोक एकतर फार घाबरतात किंवा विचारच करत नाहीत. रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या कातळावर फुरसं असतं, छोटं, दगडाच्या रंगाचं, आणि विषारी. दिवसा ते दगडाखाली, फटीत असतं, म्हणून दगड उचलायचे नाहीत, गडग्यावर (दगड रचून केलेल्या कुंपणावर) न बघता हात ठेवायचा नाही, अंधार पडल्यावर कातळावर बॅटरीशिवाय फिरायचं नाही. चावलंच तर कापायचं नाही, चोखायचं नाही, घट्ट बांधायचं नाही, माणसाला कमी हलवायचं आणि १०८ ला फोन करून किंवा मिळेल त्या गाडीने सरळ सरकारी दवाखाना गाठायचा. एवढं पाळलं तर भीतीचं कारण नाही, तिथली माणसं रोज त्याच कातळावरून जातात-येतात.

पायरी ४: पहिली वाट निवडा

सुरुवात अलिबागच्या कुलाबा किल्ल्यापासून करा असं माझं ठाम मत आहे. यात चढ नाहीच, पण भरती-ओहोटी म्हणजे काय ते इथे पायांना कळतं. शिवाजी महाराजांनी आयुष्याच्या शेवटी १६८० साली याचं काम सुरू करवलं, पुढे संभाजी महाराजांच्या काळात पुरं झालं, आणि आंग्र्यांच्या आरमाराचं हे मोठं ठाणं होतं. भरतीला किल्ला चारी बाजूंनी पाण्यात असतो, ओहोटीला समोरच्या किनाऱ्यावरून सरळ चालत जाता येतं. किनाऱ्यावर लवकर पोचा आणि घाई न करता पाणी उतरताना बघत बसा, आधी दोन खडक दिसतात, मग वाळूची पट्टी, मग स्थानिक लोक चालायला लागतात, तेव्हा त्यांच्या मागून तुम्ही जा. काही तिथींना गुडघाभर पाणी राहतंच, पँट दुमडायची तयारी ठेवा. आत सिद्धिविनायकाचं मंदिर आहे आणि गोड्या पाण्याची विहीर, भर समुद्रात गोडं पाणी बघून पोरं हमखास विचारतात की हे कसं काय. उत्तरेला सर्जेकोट नावाचा छोटा कोट दगडी बांधाने जोडलेला आहे, तोही बघून घ्या. पण घड्याळाकडे लक्ष ठेवा, पाणी भरलं तर होडी मिळेपर्यंत किंवा पुढच्या ओहोटीपर्यंत आतच थांबावं लागतं.

दुसरी वाट कोर्लईची, आणि माझ्या मते मुंबई-पुण्याच्या माणसासाठी पूर्ण किनाऱ्यावर याच्यासारखी दुसरी नाही. रेवदंड्याला कुंडलिका खाडीवरचा पूल ओलांडून साळावला यायचं, मग कोर्लई गाव, गावातून समुद्राच्या कडेने दीपगृहापर्यंत रस्ता आहे. दीपगृहाच्या बाजूने पायऱ्या चढतात, रमतगमत गेलं तरी अर्ध्या तासात वर. किल्ला म्हणजे समुद्रात घुसलेली लांबच लांब डोंगरधार, लांबीला किलोमीटरला थोडी कमी पण रुंदीला इतकी चिंचोळी की मधोमध उभं राहिलं की डावीकडे अरबी समुद्र आणि उजवीकडे खाडी एकाच वेळी दिसते. पोर्तुगीजांचा किल्ला, त्यामुळे पडकं चर्च, पोर्तुगीज शिलालेख, एकामागून एक दरवाजे, आणि सोबत महादेवाचं मंदिर आणि पाण्याची टाकी. उत्तरेच्या टोकाला पायऱ्या उतरत उतरत समुद्रालगतच्या बुरुजापर्यंत जातात, बरेच जण मधूनच परत फिरतात, तुम्ही टोकापर्यंत जा. पलीकडे रेवदंड्याचा कोट आणि त्यातला उंच मनोरा दिसतो, खाडीत ये-जा करणाऱ्या होड्या दिसतात. खाली गावात आजही पोर्तुगीजमधून तयार झालेली स्वतःची वेगळी बोली बोलणारा ख्रिस्ती समाज आहे, चारेकशे वर्षांपेक्षा जास्त काळ एवढ्याशा गावाने ती भाषा टिकवली ही गोष्ट वर उभं राहून आठवली की किल्ला वेगळा दिसतो.

कोर्लईला भरती-ओहोटीने फरक पडत नाही, हे महत्त्वाचं. म्हणजे ओहोटी सकाळची असेल तर सकाळी कुलाबा आणि दुपारी भरतीच्या वेळेत कोर्लई. पाणी उतरलं की किनारा, पाणी चढलं की टेकडी, अशीच जोडी प्रत्येक ठिकाणी लावायची.

पायरी ५: थोडा सराव झाल्यावर

हरिहरेश्वरची प्रदक्षिणा. देवळाच्या मागून पायऱ्यांनी टेकडी चढायची, मग दोन कड्यांच्या मधल्या चिंचोळ्या गल्लीतून तीव्र पायऱ्या उतरून थेट समुद्राच्या पातळीला यायचं आणि डोंगराला वळसा घालत खडकांवरून परत देवळाकडे. सगळं मिळून तासाभराचं काम, पण लाटांनी कोरलेले खडक, त्यांच्यावर मधमाशांच्या पोळ्यासारखी पडलेली छिद्रं, डबक्यांत अडकलेले छोटे मासे आणि खेकडे, हे बघत दोन तास सहज जातात. आणि इथेच सगळ्यात जास्त सांभाळायचं. ही वाट फक्त ओहोटीची. एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला समुद्र, पाणी वाढलं तर पळायला जागा नाही, आणि इथे लाटेने माणसं ओढून नेल्याच्या घटना घडलेल्या आहेत. देवळात विचारा, तिथली माणसं आत्ता जा किंवा आत्ता नको असं स्पष्ट सांगतात, आणि नको म्हणाले तर वाद घालायचा नाही, वरून बघून परत यायचं. लाटेच्या टोकाला उभं राहून सेल्फी अजिबात नको.

आंजर्ल्याचा कड्यावरचा गणपती ही त्याच्या उलट, एकदम निवांत वाट. गावातून पाखाडी वर चढते, चिऱ्यांच्या पायऱ्या, दोन्ही बाजूंना गडगे, नारळी-पोफळी, मधेच कुणाच्या तरी अंगणातून येणारा चुलीचा वास. आजी-आजोबांनाही थांबत थांबत जमते, आणि अगदीच नाही जमलं तर वरपर्यंत गाडीरस्ता आहे. वरून हर्णैचा किनारा आणि पाण्यातला सुवर्णदुर्ग दिसतो, सकाळच्या धुक्यात किल्ला हळूहळू वर येताना बघायचा असेल तर साडेसातला वर असा. उतरून आंजर्ल्याच्या पुळणीवर चाला आणि संध्याकाळी हर्णै बंदरात माशांचा लिलाव बघा, ओरडा आणि गर्दी असते पण कोकण समजून घ्यायला ते बघायलाच हवं.

आंजर्ले, वेळास या किनाऱ्यांवर नोव्हेंबर ते मार्च ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात. रात्री पुळणीवर बॅटरी मारत फिरू नका, शेकोटी नको, आणि कुंपण केलेली घरटी दिसली तर लांब राहा. पिल्लं साधारण फेब्रुवारीपासून समुद्रात सोडतात, ते बघायचं असेल तर गावातल्या होमस्टेवाल्यांना आधी फोन करून विचारा, पिल्लं कधी बाहेर येतील याची तारीख कुणी देऊ शकत नाही.

पायरी ६: सडा

किनाऱ्याबद्दल बोलताना सडा विसरला जातो म्हणून वेगळं लिहितोय. रत्नागिरी, लांजा, राजापूर भागात समुद्राच्या वर जांभ्या दगडाची विस्तीर्ण सपाट पठारं आहेत, चढून गेलं की पुढे सगळं सपाट, सोनेरी वाळलेलं गवत, आणि कातळात कोरलेली प्राचीन चित्रं. हत्ती, मासे, माणसं, भौमितिक नक्षी. उक्षी, जांभरुण, कशेळी, रुंढे तळी, देवीहसोळ, बारसू, देवाचे गोठणे, सिंधुदुर्गातलं कुडोपी आणि गोव्यातलं पणसायमोळ ही कातळशिल्पं २०२२ साली युनेस्कोच्या संभाव्य यादीत आली. पावसाळ्यात यांच्यावर पाणी साचतं, नंतर गवत, हिवाळ्यातच ती नीट दिसतात. सकाळी किंवा संध्याकाळी जा, तिरक्या उन्हात कोरलेल्या रेघा उठून दिसतात, दुपारच्या उन्हात तुम्ही चित्राच्या वर उभे असाल आणि कळणार नाही.

देवाच्या गोठण्याला भार्गवरामाच्या देवळापासून वर सड्यावर चढायला साधारण अर्धा तास, वर माणसाची आकृती कोरलेली आहे, आणि त्या भागात होकायंत्र चुकीची दिशा दाखवतं, तर जाताना छोटं होकायंत्र घेऊन जा, मुलांना जाम आवडतं. कशेळीला कनकादित्याचं जुनं सूर्यमंदिर आणि सड्यावर प्रचंड मोठा कोरलेला हत्ती, दोन्ही एका सकाळी होतं.

चित्रावर बूट घालून चढू नका, खडूने रेघा भरू नका, पाणी ओतू नका. आणि सड्यावर वाटा हरवतात, सगळीकडे सारखंच दिसतं, म्हणून पहिल्यांदा जाताना गावातला कुणीतरी वाटाड्या सोबत घ्या, त्याचे ठरतील ते पैसे न घासाघीस करता द्या. सिगारेट, शेकोटी, काही नको. वाळलेल्या गवताला वणवा लागायला वेळ लागत नाही आणि वाऱ्याने तो थेट कुणाच्या तरी आंब्याच्या बागेत शिरतो, वर्षाचं उत्पन्न जातं.

याच पट्ट्यात पावसच्या पुढे पूर्णगड आहे, मुचकुंदीच्या मुखावर, गावातून दहा-पंधरा मिनिटांत वर, छोटासा आणि नीटनेटका. समुद्राकडचा दरवाजा उघडतो तिथे नुसतं बसून राहायलाही छान.

पायरी ७: दक्षिणेचं टोक, तीन-चार दिवस असतील तर

कुडाळ स्टेशनला उतरून निवती गाठा. किल्ला छोटा, चढ पंधरा मिनिटांचा, झाडीत बुडालेला, पण तटाजवळून उत्तरेला भोगव्याची लांबलचक पुळण आणि समुद्रात वेंगुर्ला रॉक्सची बेटं व दीपगृह दिसतं. भोगव्याच्या वाळूत सकाळी चाला आणि ऊन वाढायच्या आत किल्ल्यावर या. पलीकडे देवबागला जायचं असेल तर कर्ली खाडी होडीनेच ओलांडा. खाडीचं तोंड कितीही उथळ दिसलं तरी चालत ओलांडायचं नाही, हा नियम पूर्ण कोकणाला लागू, खालची वाळू सरकते आणि ओहोटीचा ओढ माणसाला बाहेर नेतो.

पुढे शिरोडा, जिथे १९३० साली मिठाचा सत्याग्रह झाला, मग रेडी. रेडीचा यशवंतगड अलीकडे साफसूफ झालाय, भिंतींना वडाच्या मुळ्यांनी कवटाळलंय, आणि आत फिरायला तास लागतो. तिथून तेरेखोल आणि नदीपलीकडे गोव्यातलं केरी. केरीच्या किनाऱ्यावरून दक्षिणेच्या पठारावर चढून हरमलपर्यंत चालत जाता येतं, दीड-दोन तास, डावीकडे काजूची झाडं, उजवीकडे कडा आणि समुद्र. पठारावर सावली नाही, पाणी नाही, सकाळीच उरका.

सिंधुदुर्गात कार्तिक-मार्गशीर्षात गावोगावी जत्रा असतात आणि रात्री दशावतारी नाटक. दिवसभर चालून पाय दुखत असले तरी जा, होमस्टेच्या काकूंना विचारा आज कुठल्या गावात आहे. फक्त फेब्रुवारीच्या आसपास आंगणेवाडीची जत्रा असते त्या दोन दिवसांत मालवण भागात गाडी हलत नाही, तारीख बघून जा.

गावात वागायचं कसं

पुळणीवर रापण, म्हणजे दोरांनी किनाऱ्यावर ओढायचं मोठं जाळं, ओढत असतील तर दोराच्या मधून जाऊ नका, वरच्या अंगाने वळसा घाला, आणि विचारून दोराला हात लावलात तर बहुतेक जण हसून जागा देतात. वाळत घातलेल्या मासळीवरून, जाळ्यांवरून चालू नका. गडगा ओलांडून बागेत शिरू नका, नुसता फोटो काढायलासुद्धा नाही, वाट हवी असेल तर हाक मारा, कुणीतरी दाखवतंच. देवळाजवळ शॉर्ट्सवर असाल तर एक पंचा-ओढणी पिशवीत ठेवा. जेवण सकाळीच सांगून ठेवा, शाकाहारी की मासे तेही, तिथे फ्रीजमधून काढून गरम करत नाहीत, तुमच्यासाठी बाजारातून आणतात. परतीची शेवटची एसटी किती वाजता आहे हे कंडक्टरला जातानाच विचारा, काही गावांना दुपारनंतर गाडीच नसते.

पहिल्या वीकेंडचा तयार प्लॅन

शनिवारी चतुर्थी पडतेय असा वीकेंड धरा. शुक्रवारी संध्याकाळी भाऊच्या धक्क्यावरून किंवा गेटवेवरून मांडव्याला, अलिबागला मुक्काम (शेवटची बोट कितीची आहे ते आधी बघा, पुण्याहून येणाऱ्यांनी सरळ एसटी पकडावी). शनिवारी साडेसातला किनाऱ्यावर, पाणी उतरलं की कुलाबा, दहाच्या आत बाहेर. नाश्ता, मग रेवदंड्याला जाऊन जेवण आणि दुपारची झोप. साडेतीनला कोर्लईच्या दीपगृहापाशी, साडेपाचला टोकाच्या बुरुजावरून परत वर आणि उजेड आहे तोवर खाली. मुक्काम रेवदंडा किंवा नागाव. रविवारी ओहोटी पावणेदहाची, आठला नागावच्या किनाऱ्यावरून अक्षीकडे ओल्या वाळूतून चालायला लागा, तासाभराची चाल आहे, सुरूचं बन लागतं, हिवाळ्यात सीगल आणि किनाऱ्यावरचे छोटे पाहुणे पक्षी भरपूर दिसतात, दुर्बीण असेल तर आणा. अक्षी गावात शके ९३४ चा म्हणजे १०१२ सालचा मराठी शिलालेख आहे, सगळ्यात जुन्या मराठी शिलालेखांत त्याची गणना होते, विचारत जा आणि बघूनच या. अकरापर्यंत अलिबाग स्टँडला परत येता येतं, रविवारी दुपारनंतर मांडव्याला बोटीची रांग लांब होते, म्हणून जेवण शक्यतो पलीकडे जाऊनच.